चाळीस रिकामे गोल

दगडूमामा शिडीवरून विचारत होते, "सरळ हाय का बघ गं, कुंदे," आणि मी खाली चौकात उभी राहून बॅनर सरळ आहे की तिरका ते सोडून भलतंच बघत होते. बॅनरच्या वरच्या कोपऱ्यात संपतअण्णा हसत होते. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, जोडलेले हात आणि खाली लाल पट्टीत ‘मार्गदर्शक’.

तो बॅनर संपतअण्णांच्याच विरोधात होता.

"मामा, उतरा. काढा तो," मी म्हटलं.

"आता गं? चारी गाठी मारून झाल्या. अन् का काढू? ब्येस दिसतोय की. अण्णांचा फोटो तर लई झ्याक आलाय."

तोवर भाजीवाल्या, रिक्षावाले, बँकेत निघालेले लोक थांबून वाचायला लागले होते. थांबणारच. हिंगणेरात महिन्याला तीस-तीस वाढदिवसाचे बॅनर लागायचे, पण पुस्तकाच्या वाढदिवसाचा बॅनर कुणी बघितला नव्हता. मधोमध, जिथं एरवी कुणी भाऊ नाहीतर बापू कानाला मोबाईल लावून उभे असतात, तिथं एक पुस्तक उभं होतं. पुस्तकाला काळा गॉगल, गळ्यात बोटाएवढी जाड सोन्याची साखळी. मागं गर्जना करणारा सिंह, तो आमच्या धंद्यात फुकटच येतो. आणि मजकूर असा होता: ‘हिंगणेरची शान, धडाडीचं, निर्भीड, दोनशे बारा पानी व्यक्तिमत्त्व, "पाणी तापवा" यांना पहिल्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! सध्या मुक्काम: सार्वजनिक वाचनालय, कुलूपबंद कपाट. सुटकेसाठी रविवारी सकाळी दहाला वार्षिक सभेला या.’

खाली ‘शुभेच्छुक’ असं लिहून चाळीस गोल काढले होते. चाळीसच्या चाळीस रिकामे. प्रत्येकात बारीक अक्षरात ‘इथे तुमचा फोटो’.

याला आता पंधरा वर्षं झाली. माझं ‘कुंदा आर्ट्स’ तेव्हाही एसटी स्टँडसमोरच होतं, पत्र्याचं शटर, आत एक कॉम्प्युटर आणि दोन खुर्च्या. लग्नपत्रिका करायची, दुकानांच्या पाट्या करायची, पण खरं पोट चालायचं ते वाढदिवसांच्या बॅनरवर. मी डिझाइन करून सांगलीला पाठवायची, तिथं मशीनवर छापून दुपारच्या एसटीनं गुंडाळी परत यायची. हिंगणेरातल्या सगळ्या पुढाऱ्यांचे चेहरे मी उजळ केलेत, सगळ्यांचे पांढरे केस काळे केलेत. म्हणजे मला घाबरायचं तसं काही कारण नव्हतं. तरी त्या दिवशी घाबरले.

‘पाणी तापवा’ हे अनुसया सिस्टरांचं पुस्तक. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्स. एकोणचाळीस वर्षं सायकलवरून वाड्यावस्त्या फिरल्या आणि घरोघरी जाऊन बाळंतपणं केली. घरात पाय टाकला की त्यांचा पहिला हुकूम ‘पाणी तापवा’, तेच पुस्तकाचं नाव. रिटायर झाल्यावर त्यांनी जुन्या वह्या काढल्या आणि सगळं लिहिलं. कोण हसत बाळंत झाली, कोण नवऱ्याला शिव्या देत, कुठल्या घरात त्यांनी रात्रभर जागून मूल जगवलं आणि सकाळी त्यांनाच उंबऱ्याबाहेर बसवून फुटक्या कपातून चहा दिला. नावं सगळी बदललेली. पण गाव एवढंसं, वाचणारा प्रत्येक जण म्हणायचा, मला कळलं हे कोण ते.

त्यात सातवं प्रकरण होतं. एका घरात सून बाळंत व्हायच्या आधीच पेढे आणून ठेवलेले असतात. मुलगी होते. मग कुणी काही बोलत नाही, नुसता पेढ्यांचा पुडा उचलतात, त्याची दोरी परत बांधतात आणि दुकानात परत करायला पाठवतात. बाळंतीण आतून विचारते, सिस्टर, पेढे कुठं निघाले? सिस्टर म्हणतात, माहेरी निघाले असतील. आणि दोघी पोट धरून हसतात. एवढंच प्रकरण. पाच पानांचं.

संपतअण्णा वाचनालयाचे अध्यक्ष होते. त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं, कुणीतरी त्यांना सातव्या प्रकरणाची झेरॉक्स नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी दोन्ही प्रती कपाटात गेल्या आणि किल्ली अण्णांच्या खिशात. गावाची बदनामी होते म्हणे. बंदी हा शब्द मात्र कुणी काढला नाही. बंदी म्हटलं की पेपरात येतं, कुणीतरी भाषण करतं. त्यापेक्षा सोपी वाट होती. दर वर्षीच्या सभेत वाळवी लागलेल्या, पानं गळालेल्या पुस्तकांची ‘बाद यादी’ मंजूर होते आणि ती पुस्तकं रद्दीत जातात. त्या यादीत शेवटचं नाव घालायचं, बस्स. सभेला दर वर्षी अकरा माणसं येतात, तीही पोह्यांसाठी.

हे मला कळलं ते ग्रंथपाल मुल्लासर सभेची नोटीस टाइप करून घ्यायला आले तेव्हा. मी यादी टाइप करत गेले. ‘वाळवी’, ‘वाळवी’, ‘पाने गहाळ’, ‘भिजलेले’, आणि शेवटी ‘पाणी तापवा – जीर्ण’.

"जीर्ण? सर, मागच्या वर्षी छापलंय ते," मी म्हटलं.

मुल्लासर फार हळू बोलणारा माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि रस्त्याकडं बघत म्हणाले, "वर्षात एकसष्ट वेळा बाहेर गेलं. माझ्या नोकरीत एवढं कुठलंच पुस्तक गेलेलं नाही. पण आज विचारलं तर एक जण म्हणणार नाही की मी वाचलं."

त्याच संध्याकाळी मी सिस्टरांच्या घरी गेले. त्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. कोपऱ्यात आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब आणि बंबाशेजारी सुतळीनं बांधलेला वह्यांचा गठ्ठा. मी विचारलं, हे काय. म्हणाल्या, दुसऱ्या भागाच्या वह्या. रविवारी सभा झाली की घालते बंबात. मी म्हटलं, असं कसं करता, परत लिहाल तुम्ही. त्यांनी सुपातला एक खडा उचलून लांब फेकला.

"अख्खं गाव माझ्या हातावर जन्मलं, कुंदा. माझं एक बाळंतपण गावाला जड झालं."

सिस्टरांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं, त्या दिवशीही रडल्या नाहीत. पण त्यांच्या हातातलं सूप थांबलं आणि मला ते बघवलं नाही. मला वाईट वाटलं की आधी राग येतो आणि राग आला की सपाटून भूक लागते. स्टँडवर येऊन मी दोन प्लेट भेळ खाल्ली आणि दुसरी संपता संपता डोक्यात उजेड पडला.

सह्या मागितल्या तर हिंगणेरात पेन सापडत नाही. मोर्चा म्हटलं की सगळ्यांचे गुडघे दुखतात. पण बॅनरवर फोटो म्हटलं की माणूस जेवणावरून उठून येतो. माझा चेहरा तिसऱ्या ओळीत का टाकलास म्हणून माझ्याशी सहा-सहा महिने न बोलणारी माणसं आहेत या गावात. तेव्हा शुभेच्छुकांचे गोल काढायचे आणि रिकामे सोडायचे. रिकामा गोल आमच्या माणसाला सहन व्हायचा नाही, एवढा माझा हिशेब.

आता चूक कशी झाली ते सांगते. प्रत्येक बॅनरला वर नेत्यांची पट्टी लागते, आणि आमच्या गावात त्या पट्टीत अण्णा हवेतच, मग वाढदिवस कुणाचाही असो. म्हणून ती पट्टी मी कोऱ्या नमुन्यात कायमची बसवून ठेवली होती. फोटो जड, कॉम्प्युटर म्हातारा. म्हणून पडद्यावर ती पट्टी झाकून ठेवायची, छापताना आपोआप येते. पाच वर्षांत मी त्या पट्टीकडं बघणंच सोडून दिलं होतं. पुस्तकाचा बॅनर त्याच नमुन्यावर केला आणि पाठवून दिला. सांगलीच्या मशीनवाल्याला अण्णांशिवाय बॅनर गेला असता तर एक वेळ शंका आली असती. आणि दगडूमामांनी गुरुवारी सकाळी मी यायच्या आत तो चढवलासुद्धा.

अकरा वाजेपर्यंत अण्णांच्या कार्यकर्त्यांनी येऊन बॅनर बघितला. त्यांनी वाचलं किती ते देव जाणे. अण्णांचा फोटो दिसला, ‘हार्दिक शुभेच्छा’ दिसलं, त्यांनी शिडी लावून फोटोला झेंडूचा हार घातला आणि खाली उभं राहून स्वतःचे फोटो काढून घेतले. मी दुकानाच्या दारातून हे सगळं बघत होते. हसावं की शटर ओढून आईकडं पळावं, काही कळेना.

दुपारी अण्णा आले. एकटे आले, तिथंच मी ओळखलं, मामला गंभीर आहे. चार माणसांशिवाय अण्णा मी कधी बघितलेच नव्हते. खुर्चीत बसले, चप्पल काढली, परत घातली.

"फोटो काढ माझा," म्हणाले.

"काढते अण्णा. चूक माझीच आहे. पण छापलेला फोटो काढायचा म्हणजे कात्रीनं कापावा लागेल. तिथं भोक पडेल."

अण्णांनी ते भोक डोळ्यांसमोर आणलं असणार. भर चौकात, ‘मार्गदर्शक’ या शब्दाच्या वर, गळ्यात हार आणि मधून आकाश दिसतंय. आमच्याकडं बॅनरवरचा चेहरा फाडणं ही साधी गोष्ट नाही. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी एका बापूंच्या फोटोवर ब्लेड मारलं तर बाजार दोन दिवस बंद होता.

"मग अख्खा बॅनर उतरव."

"उतरवते. फक्त तुमच्या पोरांनी हार घातलाय. ती विचारतील, अण्णांचा बॅनर कुणी उतरवला. मी सांगू काय, अण्णांनीच सांगितलं म्हणून?"

अण्णांनी घाम पुसला. पाणी मागितलं, मी दिलं. अर्धा तांब्या प्यायले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, तुला एवढं का पडलंय त्या पुस्तकाचं, तू काय त्या सिस्टरची सून आहेस का. मी काही बोलायच्या आत तेच पुढं म्हणाले, "तुला ठाऊक नाही. त्या सातव्या प्रकरणात आमचं घर आहे."

खरं तर हे मी कुणालाच सांगणार नव्हते. पण माणूस समोर एकटा बसला होता आणि त्याचा चेहरा बॅनरवरच्यासारखा मुळीच दिसत नव्हता.

"ते घर तुमचं नाही अण्णा," मी म्हटलं. "आमचं आहे. ती मुलगी मी."

मग सांगितलं त्यांना. आईला मी ते प्रकरण वाचून दाखवलं होतं. आईला अक्षरं लागतात पण नीट वाचता येत नाही. पेढे माहेरी निघाले असतील हे वाक्य आलं आणि आई अशी हसायला लागली की डोळ्यांतून पाणी. म्हणाली, अगं आमचाच पुडा तो. आजीनं दोरी बांधली होती, आणि मी नि सिस्टर हसलो म्हणून आजी महिनाभर बोलली नव्हती. तीन मुलींवर चौथी मी. आपल्या जन्माच्या वेळी घरात कुणीतरी हसलं होतं, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी त्या पुस्तकातून कळलं. तोवर मला वाटायचं सगळे रडलेच असतील. ते पुस्तक रद्दीत जाऊ देणार नाही अण्णा, मी म्हटलं, बॅनरची कामं बंद करा हवी तर.

अण्णांनी हातातला तांब्या एकदा फिरवला.

"पुडा परत गेला होता?" त्यांनी विचारलं.

"गेला होता. अर्ध्या किलोचा."

"आमचा एक किलोचा होता," अण्णा बोलून गेले, आणि बोलल्यावर त्यांचे कान लाल झाले. उरलेलं पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि उठले. दारात थांबून म्हणाले, राहू दे रविवारपर्यंत. आणि गेले.

पुढची गंमत माझ्या स्वप्नातही आली नसती. वर अण्णांचा फोटो आहे म्हटल्यावर गावाला वाटलं, अण्णांची परवानगी आहे. शुक्रवारी सकाळी शटर उघडायला आले तर दारात रखमाक्का बसलेली, मंडईत कोथिंबीर विकते ती. पदराच्या गाठीतून रेशनकार्डावरचा फोटो काढला. म्हणाली, मालक म्हणालं, अण्णा हाईत तर काय हरकत न्हाई, जा. मी फोटो स्कॅन करत होते तर ती कॉम्प्युटरच्या बाजूनं आत वाकली आणि माझ्या कानात म्हणाली, सातवं प्रकरण आमच्याच घरचं हाय, कुणाला बोलू नगंस.

मी म्हटलं, बरं. मला वाटलं, बाई चुकतेय बिचारी, पण चुकू दे.

दुपारी बँकेतल्या कुलकर्णीबाई आल्या. त्याही वाकल्या, तेच बोलल्या. मग शिंप्याची बायको. मग शाळेतल्या दोघी शिक्षिका एकदम आल्या, एक बाहेर थांबली, दुसरी कुजबुजली, मग अदलाबदल झाली. एकीनं तेच कुजबुजत गाईबरोबरचा फोटो पुढं केला आणि गाय कापू नको म्हणाली, तिनंच सांभाळलंय मला. एकीकडं लग्नातलाच फोटो होता, त्यात नवरा अर्धा येत होता, तो ठेवू का विचारलं तर पाच मिनिटं विचार करून म्हणाली, असू दे, चांगला आहे तसा. माझं दुकान एवढंसं, तरी त्या दोन दिवसांत तिथं जेवढं हसणं झालं तेवढं एखाद्या लग्नघरातही होत नसेल. एकमेकींना बघून आधी चपापायच्या, मग म्हणायच्या, तू पण वाचलंस? आणि सुरू व्हायच्या. कुणाला कुठलं पान आवडलं, कुणी गव्हाच्या डब्यात लपवून वाचलं, कुणाच्या सासूनं चोरून वाचलं आणि खूण घालून ठेवली ती सुनेला सापडली.

शनिवारी सकाळी देशमाने गुरुजी आले. सत्तरीचे, काठी टेकत. फोटो टेबलावर ठेवला आणि कानात न बोलता सरळ उभ्यानं बोलले. "पुडा परत देऊन आलो तो मीच. माझा फोटो खालच्या ओळीत लाव." मी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला. त्यांनी चहा घेतला नाही, पण सगळ्यांचे फोटो लागेपर्यंत बसून राहिले.

शेवटी आल्या अण्णांच्या मंडळी, हेमावहिनी. डोक्यावर पदर, हातात पाकीट. मी उठून उभी राहिले. त्यांनी पाकिटातून फोटो काढला तो त्यांचा नव्हता, त्यांच्या मुलीचा होता, ऋतुजाचा. ती त्या वर्षी बारावीला होती.

"माझा नको," वहिनी म्हणाल्या. "हिचा लाव. आणि मोठा लाव."

मी तो पहिल्या ओळीत लावला, अण्णांच्या बरोबर खाली.

सांगलीला फाइल पाठवली तेव्हा चाळीस गोल केव्हाच भरले होते, आणखी बावीस काढावे लागले. मग मी तडक सिस्टरांकडं गेले. माझं डोकं गरगरत होतं. म्हटलं, सिस्टर, खरं सांगा, सातवं प्रकरण कुणाच्या घरचं आहे?

त्यांनी उलट मलाच विचारलं, "किती जणींनी सांगितलं आपलं म्हणून?"

मी बोटांवर मोजलं. रखमाक्का, कुलकर्णीबाई, शिंपीणबाई, दोघी शिक्षिका, गुरुजी, अण्णा, मी आणि गाईवाली. "नऊ."

"अकरा घरं मिळून लिहिलंय मी ते," सिस्टर म्हणाल्या. "दोन अजून यायचीत."

मला वाटलं, म्हणजे आमचं काहीच नाही त्यात. माझं तोंड उतरलेलं त्यांना दिसलं असावं. त्यांनी माझ्या पाठीत एक धपका घातला. म्हणाल्या, पुडा अकरा घरांचा गं, पण हसलेली तुझी आई एकटीच. बाकीच्या घरांत मीच एकटी हसत होते. आणि मग त्या खरंच हसल्या, महिन्याभरानं.

रविवारी नवा बॅनर वाचनालयाच्या फाटकावर होता. वर अण्णा, ही पट्टी मी या वेळी डोळे उघडे ठेवून तशीच ठेवली होती. मधे गॉगल घातलेलं पुस्तक आणि खाली बासष्ट चेहरे आणि एक गाय. सभागृहात खुर्च्या पंचवीस. नऊ वाजल्यापासून बायका येत होत्या. नवी लुगडी, गजरे, कडेवर पोरं, जसं काही हळदीकुंकू. पुरुषही आले, थोडे बायकांच्या मागून, थोडे पोह्यांच्या वासानं. पोहे पंधरा मिनिटांत संपले. माझी आई सिस्टरांना रिक्षात घालून घेऊन आली. सिस्टर म्हणत होत्या, मी बाहेरच थांबते. आईनं त्यांना दंडाला धरून आत आणलं आणि मागच्या रांगेत माझ्या शेजारी बसवलं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

अण्णा व्यासपीठावर बसले होते. समोर पहिल्या रांगेत हेमावहिनी आणि ऋतुजा. अण्णा एकदा त्यांच्याकडं बघायचे, एकदा पंख्याकडं. पहिले चार विषय कसेबसे उरकले. पाचव्याला मुल्लासर उठले आणि बाद यादी वाचायला लागले. वाळवी, वाळवी, पाने गहाळ, भिजलेले. शेवटचं नावही त्यांनी वाचलं. ‘पाणी तापवा. जीर्ण.’

रखमाक्का उभी राहिली. मंडईतला आवाज तिचा, माईक कशाला लागतोय. तिनं विचारलं, वरसात पुस्तक जीर्ण कसं झालं?

मुल्लासरांनी अण्णांकडं बघितलं नाही. चष्मा काढला, पुसला नाही, तसाच हातात धरला.

"वाचून वाचून," ते म्हणाले. "एकसष्ट वेळा."

सभागृह असं हसलं की कडेवरची पोरं दचकून रडायला लागली. मुल्लासरांना स्वतःलाच पटेना की हे आपण बोललो. त्याच दमात त्यांनी विचारून टाकलं की पुस्तक वाचनालयात राहावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत.

पुढं काय काय झालं ते आताच सांगून टाकते. दुसरा भाग निघाला. त्याचं मुखपृष्ठ मीच केलं, त्याच्यासाठी सिस्टर माझ्याशी तीन महिने भांडत होत्या. आज वाचनालयात ‘पाणी तापवा’च्या सहा प्रती आहेत आणि सहाही कधी जागेवर नसतात. पण मला कुणी त्या सगळ्याचं विचारलं की मी त्याच एका मिनिटाचं सांगते.

आधी बायकांचे हात वर आले, बांगड्या वाजल्या. मग गुरुजींनी काठी वर केली. मग रांगेमागून रांग. मुल्लासर एक एक करून मोजायला लागले आणि मला शेजारून पुटपुटणं ऐकू आलं. सिस्टरही मोजत होत्या. पण त्या मतं मोजत नव्हत्या. वर आलेल्या प्रत्येक हाताखालचा चेहरा बघत होत्या आणि म्हणत होत्या, ही पावणेतीन किलो. ही सातव्या महिन्यातली, कापसात गुंडाळून जगवली. हा पायाळू. ह्या दोघी जुळ्या, धाकटी आधी रडली. हा जन्मला तेव्हा बाहेर गाईला पण वासरू झालेलं. माझाही हात वर होता. माझ्याकडं वळून म्हणाल्या, दोन किलो शंभर ग्रॅम, आवाज मात्र सगळ्या गल्लीला पुरेल एवढा. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. त्यांचा हात आता गरम झाला होता.

सगळं सभागृह वर हात करून बसलं होतं. राहिले फक्त अण्णा. ऋतुजाचा हात वर होता आणि ती बापाकडं बघत होती. अण्णांनी रुमालानं कपाळ पुसलं. तो हात खाली आला, मांडीवर थांबला, आणि मग हळूहळू, जड काहीतरी उचलावं तसा वर गेला.

"हा असाच," सिस्टर दवाखान्यातल्या आवाजात म्हणाल्या, साऱ्या सभेला ऐकू गेलं. "जन्मताना पण दोन दिवस वाट बघायला लावली होती यानं."

सगळ्यांच्या आधी अण्णाच हसले, आणि त्यांनी दुसराही हात वर केला.